पान उलटायला कुणी थांबेना

कबनूर,
१२ फेब्रुवारी २०२५

कृष्णात सरांस सप्रेम नमस्कार,

चंदगडात काजूला मोहोर आला असेल. थंडी बाधत नाही ना? इकडं बरं चाललंय. बाराही माग सुरू आहेत. तुमची बदली झाल्यापासून दीड वर्षात चिठ्ठी नाही आणि आज एकदम कशी, असं वाटेल. सांगतो. आधी शाळेचं सांगतो.

शाळेला रंग दिला. समितीचा अध्यक्ष अजून मीच. तुमच्या जागी कुणी आलंच नाही. अनुजा बाई दोन्ही वर्ग सांभाळतात. तरी मराठीचं पुस्तक जानेवारीतच संपवलं. माझी यंत्रमागाची शेड शाळेच्या भिंतीला लागून. तिसरीची पोरं धडा म्हणायला लागली की मी कामगारांना म्हणायचो, "ऐका, ह्याला म्हणत्यात शाळा!"

तुमच्या वेळी असं ऐकू यायचं नाही. तुम्ही पुस्तकं कपाटात ठेवून पोरांना बाजारात न्यायचा. दुकानांच्या पाट्या, तेलाचे डबे वाचायला लावायचा. पोरं अक्षरा-अक्षराला अडखळायची. पालक माझ्याकडं यायचे, "पुस्तकं कोरी करकरीत हाईत की!"

माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत. बारा मागांत कुठला धोटा अडखळला ते पाठमोरा सांगतो. तीन आठवड्यांपूर्वी धडा ऐकताना खटकलं. चार पानांचा धडा, पण मधे कुणीच थांबेना. पान उलटायला तरी माणूस थांबतो की नाही? संध्याकाळी तिसरीतल्या नातीला, पूर्णिमाला, वाचायला बसवलं. मधेच पानावर हात ठेवला. पोरगी हाताखालचंही वाचत गेली.

त्या रविवारी तिला नृसिंहवाडीला न्यायला निघालो. स्टँडवर गाडी लागली. म्हटलं, "बाळ, गाडी कुठली ते वाच." तिनं पाटीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"आजोबा, हे आमच्या पुस्तकात न्हाय."

गाडी गेली. आम्ही तिथंच बसून राहिलो.

सोमवारी शाळेत गेलो. अनुजा बाई म्हणाल्या, "दादा, मला कळत नाही का? पण पुस्तक वेळेत संपवायचं, हे लेखी आहे." कुणाचं लेखी, विचारलं. त्यांनी फाइल काढून आतला अर्ज पुढं ठेवला. 'रोज पुस्तकातूनच शिकवावे. पुस्तक वेळेत संपवावे. शिक्षक बदलून मिळावा.'

तुमची बदली झाली तेव्हा तुम्हाला म्हणालो होतो, गावाचा अर्ज आहे, माझा काय इलाज? सर, अर्ज मीच लिहून घेतला. पहिली सही माझी. बाकीच्या घरोघरी फिरून मीच गोळा केल्या. तुम्ही निघाला त्या दिवशी तुमची ट्रंक गाडीवर चढवायलाही मीच होतो.

पोरांना वाचता येत नाही हे सांगायला तालुक्याला शिक्षण खात्यात जाऊन आलो. साहेब हसले, "अध्यक्ष, तुमच्या शाळेचा अहवाल तर उत्तम आहे." पोरवयात सुताच्या कांड्या भरता भरता बारा मागांपर्यंत आलो, कुठं काम अडलं नाही. इथं मात्र हात टेकले. रोज संध्याकाळी तेलाचा डबा मधे ठेवून आम्ही आजोबा-नात बसतो. ती माझ्या तोंडाकडं बघते. मी सांगितलं की म्हणते, आणि ते लगेच पाठ होतं.

परत या म्हणायला मला तोंड नाही. तुमच्या हातातही नाही ते.

आत्ता हे पत्र तिच्यापुढं धरलं. एवढ्या मजकुरात तिला एकच शब्द वाचता आला, तिचं नाव. ते पहिलीत तुम्ही शिकवलेलं.

अर्जावर पहिली सही माझी होती. इथं पहिली तिची घेतो.

पूर्णिमा

आणि तिच्याखाली,
आकाराम