दाढ काढायला उपाशीपोटी

माय,

आज दुपारी माझी उरलेली अक्कलदाढ काढायची आहे. डावीकडची. उजवीकडची कशी निघाली ते तुला सांगायला नको, तू बाहेर बाकावर बसून होतीस. आता सकाळचे जेवण आटोपून, वर चहा घेऊन, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लिहायला बसले आहे. दोन भाकरी खाल्ल्या आणि वांग्याची भाजी. पोट भरलेले आहे हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुझा जीव त्यातच अडकून राहील. या वयात अक्कलदाढ शिल्लक असावी याची लेकीला फार गंमत वाटते. काल रात्री तिने विचारले, भीती वाटते का गं? मी म्हटले, छे. इतकी वर्षे शाळेत मास्तरीण म्हणून काढली की 'छे' फार चांगले म्हणता येते.

ती पहिली दाढ तुला आठवते ना? मी मास्तरकीची बी.टी.आय. पास होऊन घरी बसले होते आणि बागांमध्ये संत्र्यांची तोड सुरू होती. तू पहाटे दुसऱ्याच्या बागेत जायचीस, संध्याकाळी यायचीस तेव्हा तुझ्या लुगड्याला संत्र्याच्या सालीचा वास असायचा, आणि मी गालाला गरम मिठाची पुरचुंडी लावून भिंतीशी बसलेली असायचे. गाल इतका सुजला की तोंडात चमचा जाईना. तू लवंग दाबलीस, शेजारणीने तंबाखू दाबायला सांगितला, तोही दाबला आणि मला ओकारी झाली. त्याच आठवड्यात छिंदवाड्याला मुलाखत होती. मी गेलेच नाही, कारण तोंड उघडत नसलेल्या बाईला मास्तरीण कोण करणार? सौंसरच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, सूज उतरली. पण ते म्हणाले, दाढ आडवी आहे, काढली नाही तर पुन्हा सुजेल, पांढुर्ण्याला नागपूरहून दर आठवड्याला दातांचा डॉक्टर गाडीने येतो त्याच्याकडे जा. मग दुसऱ्या मुलाखतीचे बोलावणे आले. ही गेली असती तर तिसरी कधी आली असती कोण जाणे. आपल्या घरात तोवर नोकरीच्या मुलाखतीला कोणीच बसले नव्हते, बाबासुद्धा बोरगावच्या कारखान्यात चौकीदार म्हणून लागले ते ओळखीने.

पहिल्यांदा बाबांबरोबर गेले आणि पळून आले. पळून म्हणजे अक्षरशः पळून. खुर्चीत बसेपर्यंत ठीक होते. डॉक्टर पाठमोरे उभे राहून ताटलीत काहीतरी ठेवत होते, तो आवाज आला आणि माझ्या ओठांना मुंग्या आल्या. मग बोटे आखडली. श्वास घेते आहे पण आत जातच नाही असे वाटू लागले, छाती धाडधाड उडायला लागली, आणि मनात एकच पक्के झाले की मी आता, या खुर्चीत, मरते आहे. दाढ दुखत नव्हती, सुई टोचली नव्हती, कोणी हातसुद्धा लावला नव्हता. मी उठले, चपला तिथेच टाकून रस्त्यावर आले. बाबा चपला हातात घेऊन मागून आले, त्यांनी बिडी पेटवली आणि मला घरच्या बसमध्ये बसवले. घरी आल्यावर तू विचारलेस, "काय झालं?"

"मले वाटलं मी मरतो," मी म्हटले.

"मेली का?"

"नाई."

"मंग?"

आणि चुलीकडे वळलीस. त्या 'मंग'चा मला इतका राग आला होता की मी तुझ्याशी दोन दिवस धड बोलले नाही. तुला काय कळणार म्हणून मनातल्या मनात धुसफुसत होते. तू मात्र बाबांना सांगून टाकलेस की आता पोरीले मी घेऊन जातो.

आणि मग तू तयारी केलीस. ऑपरेशन म्हणजे काय हे तुला एकाच ठिकाणाहून माहीत होते. धाकटा भाऊ झाल्यावर सौंसरच्या शाळेत लागलेल्या नसबंदीच्या शिबिरातून. तिथे बायांना जे जे सांगितले होते ते ते तू माझ्यावर चालवलेस. दिवेलागणीनंतर मला काही खाऊ दिले नाहीस. सकाळी चूळ भरायला पाणी दिलेस ते गिळत तर नाही ना हे पाहत समोर उभी राहिलीस. केसांना तेल लावून दोन घट्ट वेण्या घातल्यास. मनगटातल्या बांगड्या साबण लावून एकेक काढल्यास आणि आपल्या पदराच्या टोकाला बांधल्यास. पिशवीत जुनी चादर, निजायला, आणि डब्यात पातळ खिचडी, शुद्धीवर आल्यावर खायला. सकाळची बुद्धवंदनाही तू घाईत म्हटलीस, बस निघून जाईल म्हणून. बसमध्ये मोहगावचा एक ओळखीचा माणूस भेटला. "जयभीम बाई, इकडं कोठी?" तू मान ताठ करून म्हणालीस, "पोरीचं आपरेशन आहे." सगळी बस माझ्याकडे बघायला लागली. मी खिडकीबाहेर बघत बसले.

डॉक्टरांनी मला ओळखले. हसले नाहीत, त्याबद्दल मी त्यांची आजही आभारी आहे. त्यांनी फक्त विचारले, "सकाळी काय खाल्लं?"

मी बोलायच्या आत तू पुढे झालीस. "काहीच नाई साहेब. पाणी बी नाई देल्लं."

त्यांनी हातातले ठेवून दिले. "कोणी सांगितलं उपाशी आणायला? मी हिला झोपवणार नाही, नुसती जागा बधिर करणार. उपाशीपोटी घाबरली तर इथंच चक्कर येऊन पडेल. जा, पोटभर खाऊ घाला, मग या."

तुझा चेहरा मला आठवतो. एवढी खिंड लढवून आलेली बाई आणि तिला परत पाठवलेले. पण तू वाद घातला नाहीस. "चाल," म्हणालीस, आणि आपण दवाखान्याचा जिना उतरून बस स्टँडसमोरच्या हॉटेलात जाऊन बसलो. पोहे आले, वर तर्री. तू म्हणालीस तर्री नको, झोंबेल, आणि माझ्या बशीतली तर्री आपल्या बशीत ओतून घेतलीस. समोरच सौंसरची बस लागलेली. कंडक्टर दाराशी उभा राहून ओरडून राहिला होता, सौंसर, सौंसर. माझे पाय टेबलाखाली आपोआप हलायला लागले. ओठांना पुन्हा मुंग्या. मी म्हटले, "चाल ना माय घरी. पुढच्या आठवड्यात येऊ."

तू घास गिळलास. मग म्हणालीस, "शिबिराच्या दिवशी तू फाटकावर उभी होती, लहान्याले घेऊन. याद आहे?"

आठवत होते. चांगलेच. तो रडून रडून निळा होत होता आणि मी त्याला खांद्यावर घेऊन शाळेच्या फाटकाशी येरझारा घालत होते. आतमध्ये वर्गांत सतरंज्यांवर बाया ओळीने बसवल्या होत्या. तू दोनदा फाटकापर्यंत आली होतीस. दोन्ही वेळा बाळाच्या डोक्यावरून हात फिरवलास आणि परत गेलीस. मी इतकी वर्षे समजत होते की तू त्याला बघायला आलीस.

"त्याले पाहाले नोती आली," तू म्हणालीस. "पळून जाऊन राहिली होती."

मी खाणे थांबवले. तू, जिने स्वतः ठरवले होते की आता लेकरू पुरे. बाबांना नुसते सांगितले होतेस, विचारले नव्हतेस. शेजारच्या दोघींना समजावून संगती घेऊन गेली होतीस.

"मंग काहून वापस गेली?"

"बाहेर पडून काय केलं असतं? घरी गेली असती तं भेव बी घरी आलं असतं. पुढच्या शिबिराले पुन्हा तेच. मंग म्हटलं, आहे तं आहे. भेवाले घेऊनच आत जातो." तू बशीतले शेवटचे पोहे बोटाने गोळा केलेस. "भेव गेल्यावरच जा लागते, असं कोन सांगितलं तुले? भेत भेत जाय. खाय आता, थंडं होऊन राहिले."

माय, तोपर्यंत मी भीती घालवण्याचीच खटपट करत होते. देवाला नवस बोलायची आपल्याकडे रीत नव्हती, पण मनातल्या मनात सगळे करून पाहिले होते. पाढे म्हटले, डोळे मिटले, स्वतःला शिव्या घातल्या. एवढी शिकलेली आणि दाढेला घाबरते, असे किती वेळा म्हटले असेल. भीती गेली नाही की आपण नालायक, असा हिशेब मांडून बसले होते. तू तो हिशेबच पुसून टाकलास. सौंसरची बस आपल्या डोळ्यांसमोर निघाली, तिचा धूर हॉटेलात आला, आणि मी पोहे संपवले.

जिना मी पुढे चढले, तू मागे. ते मुद्दाम केले मी. खुर्चीत बसण्याआधी डॉक्टरांना म्हटले, मला भीती वाटते, फार वाटते, श्वास कोंडतो, मागच्या वेळी त्यामुळे पळाले. हे वाक्य मी जिना चढताना जुळवले होते, मुलाखतीचे उत्तर जुळवावे तसे. ते म्हणाले, बरं झालं सांगितलंत. डावा हात मोकळा ठेवा, थांबायचं असेल तेव्हा वर करा, मी थांबतो. मी म्हटले, आणि काय करणार ते करायच्या आधी सांगा. ते म्हणाले, सांगतो. मग मी परत दाराशी आले. तुला वाटले झाले, निघाली. मी फक्त एवढे म्हटले की आत येऊ नको, बाहेर बस. तू बाकावर बसलीस, पदराचे टोक मुठीत धरून.

सुई टोचली आणि मुंग्या आल्या. छाती उडायला लागली. मी हात वर केला, ते थांबले. खरेच थांबले. तेवढ्याने मला केवढा धीर आला ते सांगता येत नाही. नाकाने श्वास घेतला, घोट गिळला, मान हलवली, ते पुन्हा लागले. मी पुष्कळदा हात वर केला, एकदा तर उगाचच, अजून थांबतात का ते पाहायला. भीती गेली नाही. शेवटपर्यंत तिथेच होती. पण मीही तिथेच होते, आणि कडकड आवाज झाला तेव्हा, दुखत नसूनही, मी खुर्चीचा हात इतका घट्ट धरला की नखे दुखली. डॉक्टर म्हणाले, निघाली. माझा विश्वास बसेना.

बाहेर आले तेव्हा तोंडात कापूस होता, बोलता येत नव्हते. कागदातली दाढ तुला दाखवली. तू ती उलटसुलट पाहिलीस आणि म्हणालीस, "एवढीशी तं आहे." मग पदराची गाठ सोडलीस, बांगड्या द्यायला, आणि आतून काचाच पडल्या. एकही धड राहिली नव्हती. तू लगेच म्हणालीस, "बाकावर बसतानी दबल्या वाटते." मी मान हलवली. काचा झटकताना तुझा तळहात वर झाला, तिथे लाल ओरखडे होते, एकावर ताजे रक्त. तू हात पदरात घेतलास. त्या बाकावर बसून तू किती भ्यालीस ते तू कधी बोलली नाहीस, मीही विचारले नाही. परतताना मला बाजारातून नव्या बांगड्या घेऊन दिल्यास, हिरव्या, आणि डब्यातली खिचडी बसमध्ये तू एकटीने खाल्लीस, कारण मला अजून गाल कुठे आहे तेच कळत नव्हते.

मुलाखतीत मी तोंड भरून बोलले. नोकरी लागली ती निवृत्तीपर्यंत टिकली. पहिल्या दिवशी वर्गाच्या दारात पुन्हा मुंग्या आल्या होत्या, तशीच आत गेले. पुढे परीक्षेच्या दिवशी उंबऱ्यावर अडून बसणारी पोरे मी फार पाहिली. त्यांना मी कधीही घाबरू नका म्हटले नाही. घाबरत घाबरत या म्हणायचे, पण या. यायची बहुतेक. तुला जाऊन इतका काळ झाला, पण हे वाक्य तुझे आहे असे कुणाला सांगितले नाही. सगळ्यांना वाटते ते माझेच आहे.

आता लेक खालून हाक मारते आहे. तीच नेणार आहे मला. हे पत्र घडी करून पोळ्यांच्या डब्याखाली ठेवते, आणखी कुठे ठेवणार? एक राहिले. मघाशी मी साबण लावून बांगड्या काढल्या आणि रुमालात बांधल्या. डॉक्टरांनी काढायला सांगितले नाही, तेव्हाच्यांनीही सांगितले नव्हते. मीही भेऊन राहिली आहे, माय. बाहेर कोणीतरी त्या मुठीत धरून बसलेले असावे, म्हणून काढल्या. लेकीला देणार आहे, आणि जपून धर असे काही सांगणार नाही.