ताटं वाजवू नका

रांझी, जबलपूर
नोव्हेंबर, मंगळवार

प्रिय प्रणोती,

हैदराबादला तुझ्या ट्रेनिंगच्या होस्टेलवर कागदी पत्र आलेलं बघून आधी तू घाबरशील, म्हणून सुरुवातीलाच लिहितो की आम्ही दोघंही ठणठणीत आहोत. फोनवर तुझ्याशी रोज बोलतोच, पण फोन आधी तुझ्या सासूबाईंच्या हातात जातो आणि माझ्या हातात येईपर्यंत तुझा चहाचा ब्रेक संपलेला असतो. शिवाय काही गोष्टी मला बोलता येत नाहीत. फॅक्टरीत सगळी नोकरी मशीनच्या आवाजात गेली, तिथे बोलायची सवय लागलीच नाही. लिहिताना जरा बरं जमतं.

पाटनचा मटार बाजारात आला. पुष्पाने पहिल्याच दिवशी मला पाठवून एवढा आणवला की आम्ही दोघं दोन दिवस नुसते सोलून राहिलो. करंज्या केल्या, तुझ्या वाटणीच्या शेजारी मेघनाकडे दिल्या, आणि त्याचं दुःख तुला पत्रातून कळवावं असा मला हुकूम आहे. बरखेडीच्या शेतावर परवा जाऊन आलो. मक्याची कापणी झाली. लष्करी अळीसाठी तू पावसाळ्यात लावलेले सापळे अजून बांधावर लटकत होते, ते काढून आणले. पेट्यांतल्या मधमाशा आता मोहरीची वाट बघताहेत. एक पेटी कमजोर वाटते, राणी म्हातारी झाली असावी. तू आलीस की बघू.

परत येताना नाल्याजवळ गाडी थांबवली आणि उगीच उभा राहिलो. तुला माहीत आहे मी कुठे उभा राहिलो असेन. तिथे तो मे महिना आठवला, आणि मनात आलं की त्या दिवसाबद्दल आपण कधी नीट बोललोच नाही. तू सरकारी माणूस म्हणून बोलली नसशील, आणि मी बापमाणूस म्हणून.

तेव्हा तू आपल्या घरात येऊन जेमतेम दीड वर्ष झालं होतं. लग्नानंतर पहिल्या सकाळी तू अंगणातल्या लिंबाची पानं उलटून बघत होतीस, आणि पुष्पा मला स्वयंपाकघरातून हळूच म्हणाली होती, “अहो, ही सून झाडात काय शोधून राहिली?” तू पानावरची नागमोडी पांढरी रेघ दाखवून सांगितलंस की ही अळीची वाट आहे. पुष्पाने त्या दिवशी सगळ्या मोहल्ल्यात सांगितलं की आमच्या सुनेला अळीची वाट दिसते. आल्हादला मात्र याचं काही नवल नव्हतं. तो म्हणाला, “बाबा, हिने मला पसंत करायच्या आधी असंच उलटून-पालटून बघितलं होतं.”

मग लॉकडाऊन लागला, आणि त्यातच टोळांची बातमी आली. राजस्थानातून निघाले, मंदसौरला आले, आज इकडे, उद्या तिकडे. आपल्याकडे सगळे टिड्डी म्हणत. माझ्या आजोबांनी वर्ध्याकडची टोळधाड बघितली होती असं घरात सांगत, मला ती गोष्टच वाटायची. गावोगाव सरकारी गाडी भोंगा लावून फिरत होती: टिड्डी दल दिखे तो थाली बजाइए, धुआँ कीजिए, पटवारी को खबर दीजिए. लोकांना ताटं वाजवायची सवय मार्चमध्येच झालेली होती. तू मात्र आठवडाभर घरी आली नव्हतीस. पाटनच्या कृषी ऑफिसातच राहत होतीस, आणि फोन केला की मागून एकच आवाज यायचा, फायर ब्रिगेडच्या पंपाची चाचणी.

ज्या दिवशी ते आले त्या दिवशी आम्ही दोघं बापलेक शेतावर होतो. मूग शेंगांवर आला होता. साडेपाच वाजले असतील. पश्चिमेकडे धुळीसारखं काही उठलं, आल्हाद म्हणाला आंधी येतेय. पण वारा नव्हता. मग तो तांबूस ढग जवळ आला आणि उन्हाचा रंग बदलला. पंखांचा तो आवाज, जणू दूर कुठेतरी सुकी पानं कोणी पायाखाली तुडवत चाललंय. सगळं गाव ताटं, डबे, ट्रॅक्टरचे हॉर्न घेऊन शेतात धावलं. मीही पाण्याची बादली बडवत होतो.

तेवढ्यात तुझा ड्रायव्हर धनेश तुला जीपमधून घेऊन आला. तू बॉनेटवर चढलीस, तोंडाला मास्क, डोक्याला ओढणी. मला वाटलं तू सांगशील, और जोर से बजाओ. तू दोन्ही हात वर करून ओरडलीस, “थाली मत बजाओ! अब बिलकुल मत बजाओ!”

लोक तुझ्याकडे बघतच राहिले. मीसुद्धा. आजवर वाजवा म्हणत होते आणि आता वाजवू नका? तू समजावत होतीस की दिवसा हाकललं ते ठीक होतं, पण आता ऊन उतरतंय, टोळांना रात्रीचा मुक्काम करायचाय. इथून उठवले तर पुढच्या गावावर बसतील, ते लोक उठवतील, तर त्याच्या पुढच्या. इथेच बसू द्या. अंग गार पडलं की सूर्य वर येईस्तोवर त्यांना उडता येत नाही, तेवढ्यात आम्ही फवारणी करून संपवतो. गाड्या वाटेवर आहेत.

आता तू माझ्या जागी उभी राहून बघ. ज्याच्या शेतावर बसतील त्याचं शेत जाणार, हे तू सांगितलं नाहीस, पण सगळ्यांना कळलं. पटेल भैया पुढे आले. माणूस वाईट नाही, पण त्याचा सगळा मूग नाल्याच्या अलीकडे उभा होता. तो म्हणाला, “मैडम, बैठाना ही है तो नाले के उस पार बैठाओ. वहाँ आपके ससुर जी का खेत है. उधर की थाली बंद, इधर की चालू.” कोणी हसलं नाही. सगळे तुझ्याकडे बघत होते, आणि तू माझ्याकडे बघितलं नाहीस. एकदाही नाही. तू पायाकडे, त्या बॉनेटकडे बघत होतीस.

तू मागितलं असतंस तर मी दिलंच असतं. पण तू मागणार नाहीस हे मला तेव्हा कळलं. सरकारी हुकूम म्हणून दुसऱ्याचं शेत तू मागू शकत होतीस, पण घरातल्या माणसाचं मागायला तुझी जीभ रेटेना. मी आल्हादकडे बघितलं. त्याने हातातलं ताट जमिनीवर ठेवलं. मग मी बादली ठेवली आणि म्हणालो, “बैठने दो. हमारे यहाँ बैठने दो.” माझा आवाज इतका बारीक निघाला की पटेलने विचारलं, क्या बोले काका? मला पुन्हा सांगावं लागलं.

त्यानंतरचं तुला अर्धंच माहीत आहे, कारण तू गाड्यांच्या मागे लागलीस. पेट्यांचं काय, हे माझ्या डोक्यात नंतर आलं. मूग गेला तर पुढच्या वर्षी येतो, पण औषध फवारलं की माशी एक उरणार नाही. नशीब एवढंच की टोळ जेव्हा मुक्कामाला उतरतात तेव्हाच माशाही घरी परततात. डोक्यावर टोळ पडत होते, सदऱ्यात शिरत होते, आणि आम्ही दोघं एकेका पेटीच्या दाराला जाळी ठोकत होतो. अंधार पडायच्या आत विसेक पेट्या पटेलच्याच पिकअपमध्ये चढल्या. हो, पटेलच्याच. त्याने न विचारता गाडी आणून लावली.

शहराच्या नाक्यावर पोलिसांनी अडवलं. गाडी में क्या है? आल्हाद म्हणाला, मधुमक्खी. कितनी? तो म्हणाला, साहब, गिनी नहीं, लाख-दो लाख होंगी. तो हवालदार गंभीरपणे म्हणाला, “एक साथ इतनी? चार से ज्यादा मना है.” आणि मग पेटीला कान लावल्यावर असा मागे उडाला की त्याची टोपी पडली. आल्हाद घरी पोचेपर्यंत हसत होता. पेट्या गच्चीवर मांडताना हसत होता. जेवताना पुष्पाला सांगताना ठसका लागला. त्याचं ते हसणं माझ्या कानात जसंच्या तसं आहे, म्हणून हे एवढं लांबण लावून लिहिलं.

पहाटे मी परत शेतावर गेलो. तू नको म्हणाली होतीस तरी गेलो, रस्त्यावरच उभा राहिलो. फायर ब्रिगेडच्या दोन गाड्या, ट्रॅक्टरवरचे पंप, राजस्थानातून आलेले केंद्र सरकारच्या टोळ नियंत्रणाचे साहेब, आणि पुढे तू, टॉर्च घेऊन झाडं दाखवत. मुगावर, बाभळीवर, बांधावर टोळांचा थर होता, फांद्या वाकल्या होत्या. उजाडलं तेव्हा जमीन दिसत नव्हती, नुसते पंख. थोडे उठून उडाले, पण ढग उठला नाही. पुढच्या गावांचा मूग वाचला. ते साहेब कोणालातरी फोनवर सांगत होते की लोकल टीमने बसण्याची जागा नेमकी राखली म्हणून झालं.

तेव्हा तू तिथे नव्हतीस. मी शोधलं तर तू नाल्याकाठच्या अर्जुनाखाली बसली होतीस. त्या झाडावरचं आग्या मोहोळ आपण दोघांनीही विसरलेलं. पेट्या उचलता आल्या, त्याला कोण उचलणार होतं? खाली माशांचा सडा पडला होता, काही अजून पाय हलवत होत्या. तू हातमोजे काढून त्यांना बाजूला सारत होतीस, कोणाचा पाय पडू नये म्हणून. मी म्हणालो, “काहून रडून राहिली बेटा, एवढी गावं वाचवली.” तू म्हणालीस, “बाबा, मला हे झाड माहीत होतं.” बस, एवढंच. मी तुझ्या शेजारी बसलो. सून-सासरा असं मातीत शेजारी बसलेलं आपल्याकडे कोणी पाहिलं नव्हतं, पण त्या सकाळी कोणाचं लक्ष नव्हतं. मला तेव्हा वाटलं की ही मुलगी जिंकते तेव्हाही कोणाचं काय गेलं ते विसरत नाही. हे तुला सांगायचं राहिलं होतं.

त्याच्या पुढच्या एप्रिलात आपला आल्हाद गेला. त्या दिवसांबद्दल मी लिहिणार नाही, तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ऑक्सिजनच्या रांगेत तू होतीस, मी नाही. नर्मदेच्या ग्वारीघाटावर पाण्यात उतरताना तू माझा दंड धरला होतास, मी तुझा धरायला हवा होता. तुझे आई-बाबा बैतूलहून तुला न्यायला आले तेव्हा तू त्यांना म्हणालीस, थोडे दिवस थांबते, यांची जरा सोय लागू दे. ते थोडे दिवस अजून चालूच आहेत, प्रणोती. आमचं बीपी, पुष्पाचे गुडघे, गॅसचा नंबर, पेट्यांची साफसफाई, सगळं तू करतेस, आणि वर संध्याकाळी पुष्पाशी मालिका बघत त्या व्हिलनला शिव्या घालतेस. आम्ही पोरगा गमावला आणि तरी घरात माणसाचा आवाज राहिला, तो तुझ्यामुळे. आम्ही तुझ्यावर इतके टेकलो की तुझं वय काय, हे विसरून गेलो.

आता हे सगळं का लिहितोय ते सांगतो. मटार घ्यायला पाटनला गेलो तेव्हा धनेश भेटला. त्याला वाटलं मला माहीत आहे. म्हणाला, “काकाजी, मैडम को समझाइए ना.” त्याच्याकडून कळलं की त्या केंद्राच्या साहेबांनी तुझं नाव घेऊन तुला बिकानेरला मागितलंय, टोळांवर नजर ठेवायच्या कामावर, दोन वर्षांसाठी, आणि तू घरी सासू-सासरे आहेत म्हणून नाही म्हणणार आहेस. हे रोजच्या फोनवर एकदाही बोलली नाहीस. मी घरी येऊन पुष्पाला सांगितलं. ती बराच वेळ शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली, “तिला लिहा, आपण काय लहान लेकरं आहोत का? जाऊन राहू दे तिला.” आणि आतल्या खोलीत जाऊन रडली, ते तुला सांगू नका म्हणाली. मेघना रोज संध्याकाळी येऊन बसेल असं म्हणते, गॅसचा नंबर मी स्वतः लावून बघितला, लागतो. आम्हाला तू हवी आहेस, रोज हवी आहेस, हे खोटं कशाला सांगू? पण आमच्यासाठी म्हणून तू नाही म्हणालीस तर ते आम्हाला सोसणार नाही. तर असं कर: हे पत्र मिळालं की आधी त्या साहेबांना होकार कळव, मग आम्हाला फोन कर. उलट करू नकोस. तुझा आवाज आधी ऐकला तर आम्ही दोघं काय बोलून बसू, याचा भरवसा नाही.

तुझेच,
बाबा