पानाची खालची बाजू

प्रिय टाचणी,

तुझ्या बाबांनी ठेवलेलं हे नाव आता तुला आवडत नसेल, पण दुसऱ्या नावाने मला तुला पत्र लिहिता येत नाही. रविवारी फोनवर आपण पाच मिनिटं बोलतो: तुझं चष्म्याचं दुकान, माझे गुडघे, संपलं. ही गोष्ट त्या पाच मिनिटांत बसणारी नाही.

कॉलेजने वनस्पतिशास्त्राचं कपाट रिकामं करायला घेतलंय. वाळवलेल्या रोगट पानांच्या सगळ्या पुड्या शुक्रवारी संग्रहालयात जाणार. त्याआधी त्या तपासणार कोण, तर निवृत्त झालेल्या बाई, म्हणजे मी. शिपाई म्हणाला, बाई, हे पीठ कशाला सांभाळता, झटकून देऊ का? मी नुसतं पाहिलं त्याच्याकडे. त्याने फडकं खिशात घातलं.

तीनशे चाळीस पुड्या, सगळ्या भुरीच्या, पानावर पिठासारख्या पसरणाऱ्या बुरशीच्या. तुला मी वर्गात पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पांढऱ्या पिठावर जाऊ नकोस, ते सगळीकडे सारखंच दिसतं. आधी झाड ओळख, मग पिठातला काळा ठिपका सुईने उचल, पाण्याच्या थेंबात ठेव आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे केस बघ. केस आकड्यासारखे वळलेत, की टोकाला हरणाच्या शिंगांसारखे फुटलेत, यावरून भुरी कोणती ते ठरतं.

दोनशे बारावी पुडी तुझी निघाली. ओकचं पान, शेवटच्या वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेतलं. चिठ्ठीवर तुझं टपोरं अक्षर: केस सरळ सुईसारखे, बुडाशी कांद्यासारखे फुगलेले. खाली माझी लाल शाई: चूक. केस शिंगांसारखे. शिवाय सगळ्यांसमोर म्हणालेही होते, आई घरी असली म्हणून उत्तर घरून तयार येत नाही. मुली फिदीफिदी हसल्या. तू म्हणालीस, बाई, पुन्हा एकदा बघा ना. आई नाही, बाई. कॉलेजात तसंच म्हणायचं, हा माझाच दंडक. मी पाहिलं नाही. पोटच्या पोरीचं पान दुसऱ्यांदा तपासलं तर लोक काय म्हणतील, एवढंच डोक्यात होतं. तू नापास झाली नाहीस, पण पुढे शिकायचं नाव काढलं नाहीस, आणि वर्षभरात घर सोडलंस. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिले, पोरीला चिकाटी नव्हती.

परवा ते पान उलटं केलं. वरच्या बाजूच्या ठिपक्यांना शिंगं आहेत, त्यात माझं चुकलेलं नाही. खालच्या बाजूच्या ठिपक्यांना सुया आहेत, बुडाशी फुगलेल्या. एकाच पानावर दोन भुऱ्या. तू खालून खरवडलं होतंस, मी वरून. पान उलटून बघा, पान उलटून बघा, म्हणून मी तीस वर्षं पोरांच्या डोक्याशी कटकट केली. तीन वेळा नवी स्लाइड केली, माझाच माझ्यावर विश्वास नव्हता म्हणून. तिन्हींत सुयाच.

जुनी चिठ्ठी फाडायची नाही, खोडायची नाही, शेजारी नवी लावायची, हा संग्रहाचा नियम तुला आठवत असेल. नवी लावली आहे. ओळखणारी म्हणून तुझं नाव, तपासणारी म्हणून माझं. लाल शाई तशीच आहे, ती लोकांना दिसू दे. पण त्या चिठ्ठीवर दोन ओळींचीच जागा असते, आणि ‘माझं चुकलं, पोरी’ असं तिथे लिहीत नाहीत, म्हणून हे पत्र. सही मात्र ओळखणाऱ्यानेच करायची असते. ती जागा रिकामी ठेवली आहे. सूक्ष्मदर्शक जेवणाच्या टेबलावर मांडलाय, तुझ्या खुर्चीसमोर. स्लाइडवरचं पाणी सुकतं, म्हणून तासातासाने उठते आणि काचेच्या कडेने एक थेंब सोडते. गुडघे कुरकुर करतात, करू देत. शुक्रवार दुपारपर्यंत ते सुकू देणार नाही.

तुझीच,
आई