माझे चाळ पहिल्या नंबराला

मी, सहदेव बाबू मांडवकर, वय सत्तर पूर्ण, धंदा शिलाईकाम, मूळ गाव लांजा तालुक्यात, हल्ली मुक्काम रत्नागिरी, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. बिघडले आहे ते हृदय, आणि त्याचे ऑपरेशन येत्या शुक्रवारी कोल्हापुरात व्हायचे आहे. मला कोणी धमकावलेले नाही, भुलवलेले नाही, दारू पाजलेली नाही. बायको शालन एवढेच म्हणाली, "लिवायचं तर लिवा, पण त्या पोरीबद्दल वाकडं लिवू नका." याला दडपण म्हणायचे की नाही ते कोर्टाने ठरवावे.

कलम १. रत्नागिरीतली दोन खोल्यांची जागा शालनची. तिच्यामागे मुलगा ओमकार याची. ओमकार मुंबईला नोकरीला असतो आणि आला की "पप्पा, ही जागा काढून टाकू" म्हणतो. आई हयात असेपर्यंत त्याने हे वाक्य तोंडातून काढू नये. गावच्या घरातला माझा हिस्सा भावांकडेच राहू द्यावा, मी गाव सोडल्यापासून तिथे दिवा त्यांनीच लावला आहे.

कलम २. बँकेतले आणि पोस्टातले जे काही असेल ते शालनचे. आकडा लिहीत नाही. आकडा वाचला की नातेवाईक वाढतात.

कलम ३. शिलाई मशीन सूनबाई दर्शना हिला. मोठी कात्रीसुद्धा तिलाच, पण त्या कात्रीने कागद कापायचा नाही. एकदा जरी कापला तरी कात्रीवरचा हक्क संपला असे समजावे.

कलम ४. माझी काळी छत्री गुरुप्रसाद शिवगण याच्याकडे आहे. गावच्या नमनात, म्हणजे शिमग्यातल्या नाच-गाण्याच्या खेळात, मी राधा असताना हा माझा कृष्ण होता. कृष्णाने लोणी चोरावे, छत्री नव्हे. छत्री त्याला दिलेली नाही, माफही केलेली नाही, परत घ्यावी. त्याच्यावर माझा याहून मोठा राग आहे, तो पुढे येईल.

कलम ५. आता खरी मिळकत, पायांतले पितळी चाळ.

मी पोटासाठी शिंपी झालो, पण लांज्याच्या आसपास मला विचाराल तर लोक राधा म्हणूनच ओळखतात. आमच्या नमनात पूर्वी बायका उभ्या राहत नसत. पुरुषच लुगडे नेसायचे, गंगावन लावायचे. मी उभा राहिलो की म्हाताऱ्या बायका आपल्या सुनांना सांगत, "बघ गो, पदर असा घेतात." हे मी बढाई म्हणून लिहीत नाही, पुरावा म्हणून लिहितो. हे चाळ माझ्या आधीच्या राधेने, म्हणजे माझ्या मामाने, स्वतःच्या हाताने माझ्या पायांत बांधले. वाडीचा रिवाज असा, की चाळ विकायचे नाहीत आणि मुलाला वारसा म्हणूनही द्यायचे नाहीत. जुन्या राधेने नवी राधा पारखायची आणि तिला चाळ द्यायचे. कोणी नजरेत भरलीच नाही, तर चाळ ग्रामदेवीपुढे ठेवायचे. मग ते कोणाच्याच पायांत परत वाजत नाहीत.

या शिमग्याला मनाली वाडीत आली. मनाली म्हणजे माझा चुलत भाऊ हरिश्चंद्र याची मुलगी. मुंबईत सिनेमात कामे करते. यंदा मराठी सिनेमाच्या एका मोठ्या पुरस्काराला, प्रमुख भूमिकेतली सर्वोत्कृष्ट अभिनेत्री म्हणून ज्या पाच जणींची नामांकने झाली, त्यांत ती एक. वाडीने तिच्यासाठी कमान उभारली, वर विजेच्या माळा सोडल्या. मी इतकी वर्षे नाचलो, मला नारळ मिळाले, टॉवेल-टोपी मिळाली, कमान कोणी उभारली नाही. ती कमानीखालून आली, सरळ माझ्या पाया पडली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "काका, तुमचे चाळ मला द्या."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी म्हणालो, "चाळ पहिल्या नंबराला मिळतात, बाय. पाच जणी आहात ना? पाचही सिनेमे बघतो, मग निकाल सांगतो." लोक हसले. मी थट्टा करत नव्हतो.

तर तो निकाल पुढीलप्रमाणे. माझी पद्धत अशी, की आधी आवाज बंद करून पाय बघायचे. बाई खरी की खोटी हे पायांना आधी कळते, तोंडाला मागाहून.

पहिली पोलीस अधिकारी झाली आहे. रडते झकास. पण स्वतःच्या घराचा उंबरा ओलांडताना खाली बघते. रोजच्या उंबऱ्याकडे कोण बघते? हिला काही नाही.

दुसरी वकीलबाई. नवऱ्याशी कडाकडा भांडते, पण एकदाही कॅमेऱ्याकडे पाठ करत नाही. बाई खरी रागावली की आधी पाठ फिरवते, शालनला विचारा. हिला माझा रंगपटातला आरसा ठेवतो, तेवढीच सोबत.

तिसऱ्या तरुण बाईने म्हातारीचे काम केले आहे. केस पिकवले, हात थरथरवले, आणि खाली बसताना गुडघ्याला विचारलेसुद्धा नाही, फतकल मारून मोकळी. हिला माझी गुडघ्याच्या तेलाची बाटली.

चौथी कोळीण झाली आहे. मासे विकताना गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघते. बुरोंडीच्या मासळीबाजारात जाऊन एक सकाळ बसली असती तर कळले असते, की कोळीण आधी पिशवीकडे बघते. तरी हिच्या मानेत ऐट आहे. खरे सांगायचे तर हिलाच पहिली करावी असे मी मनात धरले होते. ती चांगली म्हणून नव्हे, मनालीच्या नाकावर टिच्चून.

हे मृत्युपत्र कॉम्प्युटरवर उतरवून देणारे माझे शेजारी, निवृत्त शिक्षक धम्मदीप तांबे गुरुजी इथे थांबून म्हणाले, "सहदेव, या बायकांचे पत्ते आहेत का तुझ्याकडे? आरसा पोचवायचा कुणी?" ते त्यांनी बघावे. व्यवस्थापक तेच आहेत.

पाचवी मनाली. ती गावात राहणारी बाई झाली आहे, नवरा मुंबईला. विहिरीवर पाणी भरताना तिला कोणीतरी सांगते, की नवऱ्याने तिकडे दुसरे घर केले. ती हंडा डोक्यावर घेते, एक हात हंड्याला, दुसरा हात मागे पाठीवर, पदर दातांत धरते, आणि तशीच वळून बघते.

मी खुर्चीतून उठलो. शालन घाबरली, "आवो, छातीत दुखतंय?" दुखत होते. पण ते डॉक्टरांच्या कामाचे नव्हते. ते वळणे माझे होते!

ते कुठून आले ते आता लिहून ठेवतो. मनाली आठ-नऊ वर्षांची होती. लांज्याला आमचे नमन होते. ऐन गौळणीत माझ्या ब्लाउजचा पाठीवरचा हूक तटकन तुटला. ब्लाउज मीच शिवलेला, शिंप्याची अब्रू गेली. एक हात डोक्यावरच्या मडक्याला होता, दुसरा मागे नेऊन ब्लाउज धरला, तेवढ्यात पदर घसरला आणि गंगावनाची गाठ उघडी पडायला लागली, म्हणून पदर दातांत पकडला. आणि माझा कृष्ण, हा गुरुप्रसाद, पुढे येऊन आडोसा करायचा सोडून बासरीआड फिदीफिदी हसत होता. हा तो मोठा राग. मी त्याच्याकडे वळून असे काही बघितले, की लोकांनी टाळ्यांनी मांडव डोक्यावर घेतला. मग काय, दर खेळाला मी हूक धडधाकट असतानाही तसाच वळायला लागलो. पोरे पुढे चटईवर बसायची, त्यांत ही मनाली.

आता पेपरात एका विद्वानाने लिहिले, की पाठीमागे गेलेला तो हात म्हणजे स्त्रीच्या अदृश्य बेड्या. अहो, कसल्या बेड्या! हूक तुटला होता! आणि टीव्हीवर कोणी विचारले तर आमची मनाली काय सांगते? "ते त्या क्षणी आपोआप आलं." आपोआप? पिकले माझ्या झाडाला आणि पडले हिच्या पदरात, हे आपोआप?

मी जळतो. लिहून ठेवतो, म्हणजे मागाहून कोणी "काका फार मोठ्या मनाचे होते" असे भाषण करणार नाही. तिला विहीर मिळाली, मोठा कॅमेरा मिळाला, लांबून लांबून लोक तिकीट काढून आले. मला मांडवातली ट्यूबलाइट मिळाली. माझे तारुण्य गेले, आवाज गेला, आणि माझे वळणेसुद्धा गेले.

मी तिला फोन लावला. शालनने स्पीकरवर टाकायला लावला, मी काय बोलतो ते ऐकायला.

"मनाली, ते पाठीवर हात नेऊन वळतेस, ते कुणाचं?"

"कुठलं काका? विहिरीवरचं? ते माझंच. मी लहानपणापासून तशीच वळते. आई ओरडायची, हात मागं काय नेतेस म्हणून."

"लांज्याचं नमन आठवतं?"

"तुम्ही राधा होतात ते? राधा आठवते ना. तुम्ही नाही आठवत."

मी फोन ठेवून दिला. म्हणालो, "बघितलंस? मी आठवत नाही म्हणते! चोर ती चोर, वर शिरजोर!"

शालन पाठ करून तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "ती खोटं नाय बोलली. तिला राधा दिसली, म्हणून तुमी नाय दिसलात. हूक तुटलेला बाप्या दिसला असता तर पोर हसली असती. तिला वाटलं, बायका अशाच वळतात. अजून काय पायजे तुमाला?"

चाळीसहून जास्त वर्षे संसार झाला, पण या बाईने माझ्या कामाबद्दल बोललेला हा पहिला चांगला शब्द. तोही त्या पोरीची बाजू घेताना.

दुसऱ्या दिवशी मी तो विहिरीचा भाग परत लावला. आवाज बंद, पाय बघितले. पाय जमिनीला चिकटलेले. मग आवाज लावून बघितला. मग शालनला बोलावून बघितला. माझ्यात आणि तिच्यात फरक कुठे, ते मला शोधायचे होते, म्हणजे नंबर कापता आला असता. फरक सापडला. मी मागे हात नेऊन हूक धरला होता. तिच्या पाठीवर हूक नाही, काही नाही, तरी ती काहीतरी घट्ट धरून उभी आहे. काय ते दिसत नाही. पण ते सुटले तर ही बाई इथेच विहिरीत जाईल असे वाटते, आणि मी, सगळी युक्ती ठाऊक असलेला माणूस, खुर्चीच्या कडा धरून बसलो. मेलीने माझ्याच वस्तूने मला फसवले.

तरीही मी निकाल दिला नव्हता. परवा तिचा फोन आला. माझे ऑपरेशन आणि त्यांचा पुरस्कार समारंभ एकाच दिवशी, शुक्रवारी. म्हणाली, "काका, मी समारंभाला जात नाही. कोल्हापूरला येते. बाहेर काकीजवळ बसते."

मी भडकलोच. म्हणजे मी आत फाटलेल्या छातीने पडलेला, आणि बाहेर सगळे म्हणणार, बघा हो, पुरस्कार सोडून आली, काय गुणाची पोर! माझ्या ऑपरेशनातही भाव हीच खाणार! मी म्हणालो, "येऊ नकोस. तिथं जा, खुर्चीत बस. नाव घेतलं तर ऊठ. नाही घेतलं तर दुसरीसाठी टाळ्या वाजवताना तुझं तोंड कसं राहतं ते मला टीव्हीवर बघू दे. खरी परीक्षा तीच."

ती म्हणाली, "काका, पुरस्कार दरवर्षी असतो." मग थोडी थांबली. आणि म्हणाली, "तुम्ही दरवर्षी नसाल."

थांबली ती बरोबर जागी. एक श्वास कमी नाही, एक जास्त नाही. तेव्हापासून मी विचार करतो आहे, की पोर मनापासून बोलली की काम करून गेली. उभा जन्म मी खोट्या बाईची खरी बाई केली, दुसऱ्याचे खोटे मला अंधारात ओळखू येते. पण हे मला ओळखता येत नाही. शालन म्हणते, "वळखायचं कशाला? रडलात ना?"

सबब निकाल. प्रथम क्रमांक, मनाली हरिश्चंद्र मांडवकर. परीक्षक नाराज आहे, पण निकाल पक्का आहे. त्या मोठ्या पुरस्कारवाल्यांनी शुक्रवारी काही का ठरवेना, माझे चाळ तिचे. ती सिनेमातली आहे म्हणून तिला कपाटात ठेवता येणार नाहीत. शिमग्याला वाडीत यावे आणि नाचावे. मामाच्या हाताने ते माझ्या पायांत आले, माझ्या हाताने तिच्या पायांत जायला हवे होते. मी नसेन, म्हणून शालनने बांधावेत. गाठ आतल्या अंगाला मारावी.

एक अट आहे आणि ती व्यवस्थापकांनी कसोशीने पाळावी. शुक्रवारी मी जिवंत बाहेर आलो, तर यातले अक्षरही मनालीला सांगायचे नाही. मी हयात असेपर्यंत ती दुसरी.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. दोन ठिकाणी गुरुजींनी "मेली" हा शब्द काढला होता, त्यातला एक मी परत घालायला लावला. शालनला साक्षीला सही करायची होती, पण ज्याला मिळकत मिळते त्याने साक्ष घालू नये असे गुरुजी सांगतात, म्हणून ती नुसती शेजारी बसली आहे.

ठिकाण: रत्नागिरी
दिनांक: रविवार, ११ मे २०२५

लिहून ठेवणार: सहदेव बाबू मांडवकर (सही)

साक्षीदार, दोघांनी एकमेकांसमक्ष व माझ्यासमक्ष सह्या केल्या:
१. धम्मदीप तांबे, निवृत्त शिक्षक, रत्नागिरी (सही)
२. गुरुप्रसाद शिवगण, शेती, लांजा (सही). छत्रीबद्दलचे म्हणणे मान्य नाही. पहिल्या नंबराबद्दलचे मान्य आहे.