सुमित्राच्या जेवणातलं मीठ

६ जाने., मंगळ. (अकोला)
काल सुमित्राच्या मेंदूतल्या नसेवरचा फुटलेला फुगा आतून तारेचं वेटोळं घालून बंद केला. मला वाटलं, सुटलो. डॉ. बाई म्हणाल्या, खरी काळजी आता. सांडलेल्या रक्तामुळे आसपासच्या नसा आक्रसतात, पुढच्या दोनेक आठवड्यांत कधीही. तसं झालं तर बोलणं जाऊ शकतं, हातपाय जाऊ शकतात. म्हणून दर चार तासांनी गोळी, झोपेतून उठवून.
बायको मात्र शुद्धीवर येताच कामाला लागली. 'जिनिंग मिलवर सांगून आले ना? जेवले काय?' मग अंगणवाडीची चावी कोणाकडे द्यायची ते. डोकं फुटतंय म्हणते आणि हुकूम सोडते. धन्य आहे.

८ जाने., गुरु.
सासूबाई गावाहून, धाडहून आल्या. डबा अळणी. आपल्याकडे कुणाला झटका आला की आधी ताटातलं मीठ जातं. 'बीपीनंच झालं ना जवाईबापू?' मीही हो म्हणालो. हॉस्पिटलचं जेवण परत पाठवलं, कोणाला विचारलं नाही.
सु.: 'हे माणसाचं जेवण व्हय काय?' तरी आईला वाईट वाटू नये म्हणून सगळं संपवलं.

९ जाने., शुक्र.
सकाळपासून गप्प. मला हाक मारायला गेली, शब्दच येईना. उजवा हात उचलला तर धपकन पडला.
लगेच तपासण्या. डावीकडची नस आक्रसलीय. रक्तातलं मीठही उतरलंय. डॉ. बाईंनी विचारलं, जेवण कोण देतंय? सासूबाई पुढे झाल्या, 'म्या देल्लं. मीठ बंद केलं, तिले बीपी हाय ना.' मी मान खाली घातली. बाई ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, 'आजी, सगळे हेच करतात. या आजारात मात्र उलटं असतं. अळणीनं नस आक्रसली नाही, पण मीठ उतरलेलं चालणार नाही.'
मिठाचं सलाईन लागलं. थोड्या वेळानं मशीनवर पाहतो तर बीपी भलतंच वर. नर्सला ओढतच आणलं. ती म्हणाली, 'आम्हीच औषध देऊन वाढवलंय काका. अरुंद जागेतून रक्त जायला जोर नको का?' हे डोक्यात शिरायला वेळ लागला.

१० जाने., शनि.
गोळी, सलाईन, कशानंच फरक नाही. सु. नुसती बघते. तिचं गप्प राहणं सहन होत नाही.
दुपारी आत नेलं. जांघेतून बारीक नळी घालून थेट मेंदूच्या नसेपर्यंत. औषध तिथेच, आक्रसलेल्या जागी, हळूहळू सोडलं. नंतर डॉ. बाईंनी फोटो दाखवले. आधीचा: नस कापसाच्या धाग्याएवढी. नंतरचा: तीच नस, रुंद झालेली, पुढच्या फांद्यांत रक्त पोचलेलं. आयुष्यभर जिनिंगवर कापसाचा धागा ओढून त्याची लांबी पाहिली, पण इतकं बारीक काम नाही पाहिलं. हात जोडले. त्या म्हणाल्या, 'अजून नको. पुन्हा आक्रसू शकते.'

१२ जाने., सोम.
पुन्हा आत नेलं, पुन्हा तेच औषध. संध्याकाळी सु.नं माझं बोट दाबलं. उजव्या हातानं? नाही, डाव्या. पण दाबलं. गोळी आली की तोंड उघडते, एकदाही तोंड फिरवलं नाही. एरवी क्रोसीनसाठी मला मागे मागे फिरावं लागायचं.

१५ जाने., गुरु.
सासूबाई आता डॉक्टरांना विचारून मीठ टाकतात, तेही भीत भीत. आज खिचडी भरवली. सु.नं घास तोंडात घोळवला, आईकडे पाहिलं.
'मीठ कमी हाय.'
सासूबाई पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. मी रिकामा डबा घेऊन उगाच बाहेर गेलो, नळावर तोंड धुतलं. डॉ. बाई भेटल्या. खूश दिसल्या, पण म्हणाल्या, धोक्याचे दिवस संपले नाहीत, गोळी चालूच. उजव्या हाताचं आत्ताच काही सांगता येत नाही.
परत गेलो तर सु. डाव्या हातात चमचा धरून स्वतः खात होती, अर्धं सांडत. मला पाहून थांबली.
'तुमी...'
पुढचं सापडेना. कपाळाला आठ्या, पण सोडेना. पुन्हा 'तुमी...'
जेवलो, म्हणून सांगितलं. जेवलो नव्हतो.