आर्यन उडी मारत नाही

केनवड, मंगळवार, संध्याकाळ

माझ्या कादंबरीतली पोरगी आजही विहिरीतून हाका मारत राहिली आणि नायक, आर्यन, काठावर नुसता उभा. महिनाभर हेच चाललंय. किती ढकलू त्याला? एवढं चकचकीत नाव मीच शोधलं होतं.

दुपारी शिरपूरच्या स्टँडवर एका बाईनं हाक मारली, "ओ गजाननभाऊ." चार माणसं वळली. एक तर निघालेल्या बसमधून खाली उतरला. तिला हवा होता तो दुसराच. याची बस गेली. "जाऊ द्या, मले वाटलं मलेच बोलावून राह्यल्या," एवढंच म्हणाला.

असा माणूस उडी मारतो. ज्या नावाला गावोगाव हाका पडतात, त्याला वळायची सवयच असते. मग माझा नायक गजानन का नको?

घरी सासूबाईंना नाव न घेताच सांगितलं. त्या म्हणाल्या, "नवऱ्याचं नाव कोणी पुस्तकात लिहिते काय वं? लोक काय म्हणतीन?" यांना विचारायची हिंमतच झाली नाही. लग्नापासून ते नाव मी उखाण्याशिवाय घेतलेलं नाही.

आता लिहायला बसले. ग लिहिला. खोडला. पुन्हा आर्यन.

पोरगी अजून पाण्यातच आहे.