आजोबांच्या वस्तऱ्याची धार

बाळ्या,

बेसिनमध्ये भिजत घातलेले तुझे धार लावायचे दगड मी उचलून खिडकीत ठेवलेत. मेलं, दात घासायलाही जागा नव्हती! खरखरीत झाला, बारीक झाला, आता त्याहून बारीक मागवलास? आजोबांनी एकाच दगडावर अख्खा जन्म काढला. नोकरी गेल्यापासून तू त्यांचा वस्तरा घासत बसलायस आणि धार बघायला हातावरचे केस उडवतोयस. हात तुळतुळीत आणि तोंडावर जंगल!

मामा आज दुपारपर्यंत वर्कशॉपमध्ये तुझी वाट बघणार आहे. तू कामाला येशील असा त्याला मी शब्द दिलाय. धार आली आहे, आता दाढी कर. कापलंच तर हनुवटीला कापूस चिकटवून जा, पण घराबाहेर पड.

– ताई